दोन कानांची गोष्ट

मे महिन्यात नातू राहायला आला की आमच्या घराचं वेळापत्रक कोलमडतं. दुपारी एक ते तीन ही आमच्या 'ह्यां'ची वामकुक्षीची वेळ, आणि नेमकी तीच नातवाची कॉम्प्युटरवर लढाया खेळायची वेळ. मशीनगनच्या आवाजात ह्यांना झोप येत नाही, आणि आवाज बंद करून नातवाला खेळता येत नाही. ("आजी, पावलं ऐकू आली नाहीत तर मी मरतो ना!") दोन्ही पक्षांची बाजू रास्त. अशा वेळी मध्यस्थी करायला इतिहासाच्या निवृत्त बाईंशिवाय कोण?

तर यंदा तह झाला. कलमं अशी: एक हेडफोन घ्यायचा. पैसे आजीने द्यायचे. दोन हजारांच्या वर जायचं नाही. सुट्टीत नातवाने तो खेळायला वापरायचा, आणि तो पुण्याला परत गेला की आजीने तिची नाट्यगीतं आणि व्याख्यानं ऐकायला ठेवून घ्यायचा. मलाही तो हवाच होता. गेली दोन-तीन वर्षं आमच्या कॉम्प्युटरचा डावा स्पीकर मंद वाजतो अशी माझी तक्रार होती. दुरुस्तीवाला मुलगा दोनदा येऊन "काकू, स्पीकर एकदम ओके आहे" म्हणून गेला होता. आजकालच्या पोरांना काम टाळायची सवय, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. हा स्पीकर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तहानुसार आम्ही आजी-नातू एम. जी. रोडवर गेलो. दुकानात भिंतभर हेडफोन टांगलेले. लाल-निळे दिवे लागणारे, मांजरीचे कान असलेले, काही तर विमानाच्या पायलटला शोभतील असे. दुकानदाराने एकामागून एक डबे काढले. "सेव्हन पॉइंट वन आहे, डीप बेस आहे, फिफ्टी एमएम ड्रायव्हर आहे..." मी विचारलं, "म्हणजे काय हो?" तर म्हणाला, "मॅडम, गेमिंगचा आहे." जे विचारलं ते सोडून बाकी सगळं सांगणारे विद्यार्थी मी पस्तीस वर्षं पाहिलेत. काही न घेता परत आलो. नातवाचं तोंड एवढंसं झालं. मी त्याला म्हटलं, "सोयरीक करताना घराणं बघतात ना? तसं आधी ह्याचं घराणं बघू. चार दिवस दे."

ते चार दिवस माझे फार मजेत गेले.

*

सुरुवात घरातूनच झाली. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या वडिलांचा एक हेडफोन होता. काळ्या दोन डब्या, त्यांना जोडणारी पोलादी पट्टी, आणि सुती वेष्टनाची वायर. लहानपणी आम्ही भावंडं तो डोक्याला लावून टेलिफोन-टेलिफोन खेळत असू. तो क्रिस्टल रेडिओचा हेडफोन होता हे पुष्कळ उशिरा कळलं.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची ती खाजगी कंपनी होती. रेडिओच्या परवान्याला वर्षाला दहा रुपये पडत, आणि दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. ती कंपनी १९३० सालीच बुडाली आणि कारभार सरकारकडे आला. पण गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या, मॅट्रिकला असलेल्या एका मुलाला रेडिओ ऐकायचा होता. त्याने काय केलं? शिशाच्या खनिजाचा एक चकचकीत खडा मिळवला. त्यावर टेकवायला एक बारीक तार. (ह्या तारेला इंग्रजीत मांजराची मिशी म्हणत!) पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, गॅलरीतून लांब सोडलेली एरियल, आणि जमिनीशी जोडायला नळाचा पाइप. झाला रेडिओ. ह्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. हवेतून एरियलवर जी काही इवलीशी ऊर्जा येते, तिच्यावरच तो बोलतो. तेवढ्या ऊर्जेत कर्णा कसा वाजणार? म्हणून हेडफोन. म्हणजे त्या काळी हेडफोन ही चैन नव्हती. गरिबाला रेडिओ ऐकायचा तोच एक मार्ग होता.

वडील सांगायचे, घरात सगळ्यांना गाणं ऐकायचं असलं की ते हेडफोन पितळी पातेल्यात ठेवत आणि सगळे पातेल्याभोवती कान लावून बसत. पातेल्यात आवाज घुमतो, जरासा मोठा होतो. खरं सांगते, त्या पातेल्याचा प्रयोग मी नातवाला मोबाइल ठेवून करून दाखवला. दहा मिनिटं तरी त्याला गेमची आठवण झाली नाही.

*

पण डोक्याला ऐकायचं यंत्र बांधायची कल्पना रेडिओच्या बरीच आधीची. ती आली टेलिफोन एक्सचेंजमधून. सुरुवातीला तिथे पोरगे कामाला असत. ते गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलत. म्हणून बॉस्टनमध्ये १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट नावाची पहिली बाई ऑपरेटर म्हणून लागली, आणि पुढे ते बायकांचंच काम झालं. ह्या ऑपरेटरना दोन्ही हात मोकळे हवेत, कारण हातांनी सतत वायरी एका भोकातून काढायच्या आणि दुसऱ्यात खुपसायच्या. त्यासाठी १८८० च्या दशकात खांद्यावर घ्यायचं एक जोखड निघालं. त्याला एका कानापाशी ऐकायची डबी आणि तोंडापाशी बोलायचा कर्णा. वजन काही किलो! आठ-आठ तास हे खांद्यावर घेऊन बसायचं. आज नातू "आजी, हा जड आहे, मान दुखेल" म्हणतो तेव्हा मला त्या बायका आठवतात.

गंमत म्हणजे त्या वायरींच्या टोकाची जी पिन होती, पाव इंच जाडीची, ती आजही जिवंत आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या, सिंथेसायझरच्या मागे जी जाड पिन खुपसतात, ती हीच. तिचीच धाकटी बहीण म्हणजे आपली साडेतीन मिलिमीटरची हेडफोनची पिन. एका मोठ्या कंपनीने २०१६ साली आपल्या मोबाइलवरचं तिचं भोक काढून टाकलं, आणि पुष्कळांनी तिची री ओढली. कॉम्प्युटरने मात्र अजून तिला घराबाहेर काढलेलं नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं तग धरलेली वस्तू आपण रोज हाताळतो आणि आपल्या गावीही नसतं.

आता पॅरिसला चला. साल १८८१. तिथे विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनिअरने ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या कडेला ओळीने टेलिफोनचे मायक्रोफोन मांडले, आणि वायरी नेल्या थेट प्रदर्शनाच्या इमारतीत. तिथे लोक रांगा लावून दोन डब्या दोन कानांना लावत आणि दूर चाललेलं गाणं ऐकत. ह्यात एक गोष्ट अशी झाली की ऐकणारे चकित झाले. डाव्या कानाच्या डबीला रंगमंचाच्या डाव्या बाजूचा मायक्रोफोन जोडलेला, उजवीला उजवीकडचा. त्यामुळे गायक इकडून तिकडे चालत गेला की तो चालतोय हे डोळे मिटूनही कळत होतं! आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो तो अनुभव माणसाला पहिल्यांदा आला तो असा. १८९० साली त्याची रीतसर कंपनी निघाली. हॉटेलांत यंत्रं बसवली. पन्नास सांतिम टाका आणि पाच मिनिटं ऑपेरा ऐका. १९३२ पर्यंत हे चाललं, मग रेडिओने ते गिळलं.

मी ही गोष्ट नातवाला सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे आजी, पावलं ऐकू येण्याचाच प्रकार!" अगदी बरोबर. उत्तर पाठ न करता अर्थ पकडणारा विद्यार्थी फार दिवसांनी भेटला.

*

आपण आज ज्याला हेडफोन म्हणतो, दोन कान आणि डोक्यावरून पट्टी, तो अमेरिकेच्या युटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविनने आकाराला आणला. हा मॉर्मन पंथाचा. प्रार्थनामंदिरात प्रवचन नीट ऐकू येईना म्हणून आवाज मोठा करायच्या खटपटीला लागला. १९१० साली त्याने अमेरिकन नौदलाकडे आपले हेडफोन पाठवले. सोबतचं पत्र जांभळ्या शाईत, रंगीत कागदावर लिहिलेलं. आपल्या सरकारी कचेरीत असलं पत्र थेट टोपलीत गेलं असतं. पण तिथे कोणीतरी ते हेडफोन कानाला लावून पाहिले, आणि नौदलाच्या हातातल्या सगळ्या हेडफोनांपेक्षा ते सरस निघाले. नौदलाने मागणी नोंदवली तर ह्याचं उत्तर: एका वेळी दहाच देऊ शकतो. कारण तो ते घरच्या स्वयंपाकघरात बनवत होता! पुढे महायुद्ध आलं, घरोघरी रेडिओ आले, बाल्डविनचा कारखाना उभा राहिला, पैसा आला. तो त्याने आपल्या पंथातल्या बहुपत्नीक मंडळींच्या उद्योगांत ओतला आणि १९२४ साली दिवाळं वाजलं. माझ्या वडिलांच्या ट्रंकेतला हेडफोन कुणी बनवला ते त्यावर लिहिलेलं नाही, पण घडण त्याच वळणाची.

ह्या जुन्या हेडफोनात लोखंडाची एक पातळ चकती असते आणि तिच्यामागे विजेचा लोहचुंबक. चकती जड, म्हणून आवाज पत्र्यातून आल्यासारखा. बोलणं कळायला पुरेसा, गाण्याला नाही. १९३७ साली बर्लिनच्या ऑयगेन बायर ह्यांच्या कंपनीने डीटी ४८ नावाचा हेडफोन काढला. त्यात हलक्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवून ते चुंबकात हलतं ठेवलं, म्हणजे छोटासा लाउडस्पीकरच. आज दुकानात मिळणारे बहुतेक सगळे हेडफोन ह्याच तत्त्वावर चालतात, पाचशे रुपयांचा असो की पन्नास हजारांचा. तो 'फिफ्टी एमएम ड्रायव्हर' म्हणजे दुसरं काही नाही, त्या पडद्याचा व्यास. मोठा व्यास म्हणजे चांगला आवाज असं अजिबात नाही. दुकानदाराने एवढं जरी सांगितलं असतं!

गाणं ऐकायला हेडफोन लावायचा ही रीत मात्र १९५८ पासूनची. मिलवॉकीच्या जॉन कॉस ह्यांनी हॉस्पिटलांत टीव्ही भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला होता, तोही लग्नात सोफा घ्यायला मिळालेल्या पैशांतून. (सोफ्याचं काय झालं म्हणून त्यांच्या बायकोने विचारलंच असेल.) त्यांनी एक छोटा रेकॉर्ड प्लेअर प्रदर्शनात मांडला. सोबत, एकट्याला ऐकता यावं म्हणून, स्टिरिओ हेडफोन ठेवला. लोकांनी प्लेअरकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सगळे हेडफोनच्याच मागे! १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझरने मागून उघडा असणारा, पिवळ्या स्पंजचा हलका हेडफोन काढला. त्यात आवाज मोकळा येतो, कान उबत नाहीत. पण शेजाऱ्यालाही ऐकू जातो. म्हणजे आमच्या तहात बसणारा नाही.

आणि मग १ जुलै १९७९, सोनीचा वॉकमन. माझ्या दिरांनी पुढे काही वर्षांनी मस्कतहून आणला होता, नारिंगी स्पंजच्या हेडफोनसह. घरातल्या आम्ही सुनांनी आळीपाळीने तो कानाला लावला होता, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे लावून पोळ्या करू नका गं, कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही." आता वाचताना कळलं की पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. एकाने एकट्यानेच ऐकत बसणं शिष्टपणाचं दिसेल असं सोनीच्या अकिओ मोरितांना वाटलं, म्हणून दोघांना ऐकायची सोय. आणि ते बटण दाबलं की गाणं मंद होऊन दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येई. लोकांना ते नकोच होतं. त्यांना एकट्यानेच ऐकायचं होतं. हळूहळू बटण गेलं आणि दुसरं भोकही गेलं.

ह्या घराण्यात एक आपला माणूसही आहे बरं का. अमर बोस. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांपासून निसटून अमेरिकेत गेलेले. अमर बोस १९७८ साली विमानाने युरोपातून परतत होते. विमानातल्या हेडफोनवर घरघरीमुळे गाणं ऐकू येईना, तर बसल्या जागी त्यांनी गणितं मांडायला घेतली, की बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलटा आवाज कानात सोडला तर घरघर नाहीशी होईल का? ते प्रत्यक्षात यायला दहा-अकरा वर्षं गेली. आमच्या दोन हजारांत ते चांगल्या दर्जाचं मिळत नाही, आणि घरात बसून खेळायला लागतही नाही. म्हणून नमस्कार करून पुढे जाऊ.

*

आता कॉम्प्युटर. आमच्या शाळेत १९९० नंतर पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो फक्त 'पीप' करायचा. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड काढलं आणि कॉम्प्युटरला कंठ फुटला. पुढे सीडी ड्राइव्ह आले. त्यांच्या पुढच्या अंगाला हेडफोनचं एक भोक आणि आवाज कमी-जास्त करायचं चाक असे, आठवतंय का कोणाला? १९९३ च्या डूम ह्या खेळात राक्षस कुठल्या बाजूने गुरगुरतोय ते दोन कानांमुळे कळे. नंतरच्या नेमबाजीच्या खेळांत तर सगळी मदार पावलांवर. समोरचा दिसायच्या आधी ऐकू आला पाहिजे.

हे कळतं कसं? आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी आणि उजव्याला नंतर पोचतो. मधे आपलं डोकं असल्यामुळे उजव्या कानाला जरा मंदही येतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तो मोजतो आणि दिशा सांगतो. सेव्हन पॉइंट वन म्हणतात ते सिनेमागृहात आठ स्पीकर लावून होतं. डोक्यावरच्या दोन डब्यांत आठ स्पीकर नसतात हो. स्वस्त हेडफोनात ती नुसती सॉफ्टवेअरची करामत. मूळ स्टिरिओ चांगला असेल तर दिशा त्यातही कळते, १८८१ च्या पॅरिसकरांना कळली तशीच.

एवढा अभ्यास करून आम्ही परत गेलो आणि पंधरा मिनिटांत खरेदी झाली. कुठला घेतला ते सांगत नाही, कारण सहा महिन्यांनी ते मॉडेल दुकानात नसेल. पण निवडताना काय पाहिलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल:

वायरचाच घेतला. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा पोचतो. गाण्याला चालतं, खेळात तोवर माणूस मेलेला असतो. शिवाय ब्लूटूथवर माइक चालू केला की बहुधा ऐकण्याचा दर्जा घसरतो.

पिन पाहून घेतली. जुन्या कॉम्प्युटरला मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात. हिरवं ऐकायचं, गुलाबी माइकचं. लॅपटॉपला बहुधा एकच. त्यामुळे एक पिन आणि सोबत दोन पिनांचा जोड मिळतो तो घेतला, म्हणजे दोन्हीकडे चालेल.

मागून बंद असलेला घेतला, ह्यांच्या झोपेसाठी. गाद्या रेक्झिनच्या नकोत, कापडी हव्या, नाहीतर नाशिकच्या मे महिन्यात कान उकडतात. चष्म्याच्या काड्यांवर दाबत नाही ना, ते डोक्यावर दहा मिनिटं ठेवून पाहिलं. दुकानदार अस्वस्थ झाला, होऊ दे. दिवे लागणारा नको. दिवे आपल्याला दिसतच नाहीत, ते आपल्या डोक्यावर असतात!

किंमत सतराशे रुपये. तीनशे वाचले, त्याचं नातवाने आइस्क्रीम वसूल केलं.

*

खरी गोष्ट आता पुढे आहे.

घरी आलो. नातवाने खेळ लावला आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "आजी, डोळे मिट. आता सांग पावलं कुठून येतायत."

"उजवीकडून."

"करेक्ट! आता?"

काहीच नाही. मी म्हटलं, "आता कोणी नाहीये."

"आहे की. डावीकडून येतोय. नीट ऐक ना."

मी नीट ऐकलं. काहीच नाही. नातू म्हणाला हेडफोनच खराब आहे, बदलून आणू. त्याने स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिला. मग काही न बोलता तो माझ्या डोक्यावर उलटा घातला, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. "आता?"

आता मघाचीच डावीकडची पावलं उजव्या कानात स्वच्छ ऐकू येत होती. आणि डाव्या कानात काही नव्हतं.

बारा-तेरा वर्षांचं पोर, पण त्याला कळलं. हळूच म्हणाला, "आजी, हेडफोन चांगला आहे."

कॉम्प्युटरचा डावा स्पीकरही चांगलाच होता. त्या दुरुस्तीवाल्या मुलाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी झाली, आलेख काढला. डाव्या कानाच्या पडद्याला जुनं भोक आहे. लहानपणी माझा कान वाहायचा, आई लसूण घालून कढवलेलं तेल सोडायची. त्या काळी तेच करत. कान वाहायचा थांबला म्हणजे बरा झाला असं सगळ्यांनी धरलं. डॉक्टर म्हणाले, ऐकणं वर्षानुवर्षं कमी होत गेलं असणार, आणि दुसरा कान चांगला असल्यामुळे तुम्हाला पत्ता लागला नाही. आता वयाने उजवाही थोडा उतरलाय. यंत्राचं काय करायचं ते ठरवतोय.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते नातवासाठी होतं, पण ऐकलं आम्ही दोघांनी. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर मोठ्या माणसाच्या कानाला धोका नाही. मुलांसाठी ७५ डेसिबल. पण दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम चार तास. आतून गेलेला कान परत येत नाही. नातवाने घरी येऊन आपणहून आवाजाची पट्टी निम्म्यावर आणली. मी काही बोलले नाही. पस्तीस वर्षांच्या अनुभवाने एवढं तरी कळतं.

पण त्या रात्री मला झोप आली नाही. कानाचं दुःख नव्हतं ते. मला एक वर्ग आठवला.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं होती, म्हणजे २००५ च्या आसपास. आठवीचा वर्ग. माझ्या टेबलापासून डावीकडे, खिडकीजवळ, तिसऱ्या बाकावर एक बारीक आवाजाची मुलगी बसायची. फळ्यावर लिहिताना मी मान न वळवता प्रश्न विचारत असे. तिला विचारलं की उत्तर यायचं नाही. एकदा दोनदा झालं, आणि मग एक दिवस मी सगळ्या वर्गासमोर तिला म्हणाले, "तोंडात गुळणी धरून बसलीस का? येत नाही तर येत नाही म्हणावं." ती उभी होती. ओठ हलल्यासारखे वाटले. मला वाटलं पुटपुटतेय, उलट बोलतेय. मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. वर्गातली दोन-तीन मुलं काहीतरी सांगू पाहत होती, त्यांनाही गप्प केलं. नंतर वर्षभर तिने हात वर केला नाही. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्गात सहभाग कमी' असा शेरा लिहिला. माझ्याच अक्षरात.

ती उत्तर देत होती. आता मला खात्री आहे. आणि ती मुलं मला तेच सांगत होती.

इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगे, साधन एकाच बाजूचं असेल तर निष्कर्ष काढू नका, दुसरी बाजू शोधा. आणि स्वतः मात्र एका कानावर भरवसा ठेवून निकाल देऊन मोकळी झाले. किती जणांना दिला असेल, देव जाणे. मला आठवते ती एकच.

*

नातू परत गेला. जाण्याआधी त्याने माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक सोय करून ठेवली. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ, त्यात मोनो ऑडिओ. हे चालू केलं की डावी-उजवी असे दोन भाग न पडता सगळा आवाज दोन्ही डब्यांत सारखा येतो. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं त्यांना काहीच हुकत नाही. मोबाइलमध्येही ही सोय असते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर आजच करून द्या, फुकट आहे. आणि एकदा हेडफोन लावून, नंतर उलटा लावून तपासून बघा. माझ्या वयाच्या माणसांनी तर नक्कीच. कोल्हापूरच्या वन्सं, हे तुम्हालाही सांगतेय.

काल रात्री जुन्या संगीत नाटकातलं एक पद ऐकलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यातलं ऑर्गन आणि तबला दोन्ही एकत्र ऐकू आले. इतके दिवस मला वाटत होतं, त्या रेकॉर्डमध्ये तबला मागेच ठेवलाय. ह्यांनी विचारलं, काय ऐकतेस? मग साठ रुपयांचा तो दोन भोकांचा जोड लावला, त्यांना जुना इअरफोन दिला, आणि दोघांनी मिळून ऐकलं. ते आता न सांगता माझ्या उजव्या बाजूला बसतात.

ती मुलगी आता तिशी पार करून गेली असेल. कुठे आहे मला माहीत नाही. नाव मला आठवतं, पण इथे लिहिणं बरं नव्हे. गावातली जुनी मुलं कधीकधी माझं लिखाण वाचतात, कोणी सांगेल तिला. बाळ, तू त्या दिवशी बरोबर उत्तर दिलं होतंस. बाईंना ऐकू आलं नव्हतं.